सडा, धूर आणि मंगळ

फळ्यावर मॅडमनी एकच प्रश्न लिहिला होता : ‘जगायला काय काय लागतं?’

सहावीचा वर्ग. पटावर एकतीस नावं, हजर सव्वीस. उरलेली पाच मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. प्रश्न लिहून होतो न होतो तोच हात वर झाले. पाणी. हवा. जेवण. ऊन. घर. मागच्या बाकावरून कुणी तरी ‘पैसे’ म्हणालं, मॅडमनी तेही लिहिलं. खिडकीपाशी बसलेली एक बारकी मुलगी सगळ्यांचं सांगून झाल्यावर हळूच म्हणाली, ‘‘आई.’’ तोही शब्द फळ्यावर गेला. मग मॅडमनी खडू खाली ठेवला. ‘‘आता यातलं बाभळीच्या झाडाले काय काय लागते, ते सांगा.’’

पैसे पुसले गेले. घर पुसलं गेलं. ‘आई’ पुसायची की नाही यावर मात्र वर्गाचे दोन तट पडले. शेवटी एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘बी झाडापासूनच येते ना मॅडम. मंग झाडालेबी आई लागतेच.’’ आई राहिली. पुढचा प्रश्न आला गोबरगॅसच्या टाकीचा. टाकीत शेण कुजवणारे जंतू असतात, हे मुलांना ठाऊक होतं. तीन-चार घरांच्या मागे टाक्या आहेत. त्या टाकीत ऊन जातं? नाही. हवा जाते? नाही, हवा शिरली तर गॅसच धरत नाही. ऊन पुसलं, हवाही पुसली. ज्या ‘हवे’शिवाय आपण पाच मिनिटं काढू शकत नाही, ती पुसताना फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीनं डस्टर हातात धरून दोनदा मॅडमकडे पाहिलं. खरंच पुसू? पूस.

तासाच्या शेवटी फळ्यावर तीनच शब्द उरले : पाणी, ‘खायला काही तरी’, आणि आई.

बुलढाणा जिल्ह्यातल्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी २०२५च्या जानेवारीत तीन दिवस होते. शाळेचं आणि बाईंचं नाव लिहू नये, असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहीत नाही. विषय होता ग्रह आणि जीवसृष्टी. सहावीच्या सामान्य विज्ञानात तो ‘विश्वाचे अंतरंग’ या पाठात येतो. हा पुस्तकातला शेवटचा पाठ. सातवीतला ‘तारकांच्या दुनियेत’ हाही शेवटचा, आठवीतला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हाही शेवटचा. शेवटचा पाठ म्हणजे मार्चअखेर, उन्हाळ्याची सकाळची शाळा, परीक्षेचं वेळापत्रक डोक्यावर. वाचून घ्यायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, संपलं. माझ्या शाळेतही आकाश असंच आलं आणि गेलं. ग्रहांची नावं ओळीनं पाठ केली, पृथ्वीवर हवा आणि पाणी असल्यामुळे जीवसृष्टी आहे हे वाक्य अधोरेखित केलं आणि ते पुढची वीस वर्षं कधी तपासून पाहिलं नाही. बुधापेक्षा शुक्र जास्त तापलेला आहे, हे मला नोकरीला लागल्यावर एका लेखाचं भाषांतर करताना कळलं.

या मॅडम तो पाठ दिवाळीनंतर घेतात. कारण साधं आहे. हिवाळ्यात आभाळ मोकळं असतं, आणि शिकवायची गोष्ट डोळ्यांनी दाखवता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या भिंतीवर खडूनं एक मीटर व्यासाचं वर्तुळ काढलं गेलं. हा सूर्य. मुलांच्या हातात दहा मीटरची दोरी आणि एका कागदात बांधलेलं धान्य. सूर्य एवढा धरला, तर बुध ज्वारीच्या दाण्याएवढा, भिंतीपासून बेचाळीस मीटरवर. शुक्र काबुली चण्याएवढा, अठ्ठ्याहत्तर मीटरवर. पृथ्वीही काबुली चणाच, एकशे सात मीटरवर. मंगळाला तुरीचा दाणा, तो एकशे चौसष्ट मीटरवर. गुरू कवठाएवढा, तो पार मारुतीच्या देवळापलीकडे, साडेपाचशे मीटरवर जायला हवा होता. आणि नेपच्यूनसाठी सव्वातीन किलोमीटर चालावं लागलं असतं, म्हणजे शेजारच्या गावात. मुलं चालायला तयार होती. मॅडमनी त्यांना मंगळापाशी थांबवलं.

सगळ्यांनी वळून शाळेकडे पाहिलं. भिंतीवरचा सूर्य बशीएवढा दिसत होता. मध्ये सगळी मोकळी जागा, आणि त्या जागेत चार दाणे, तेही कुठे पडलेत ते शोधावं लागत होतं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ग्रह शेजारीशेजारी, लग्नाच्या पंगतीसारखे बसलेले असतात. कागदाच्या आकारापुढे चित्रकाराचाही इलाज नसतो. पण ते चित्र एकदा डोक्यात बसलं की ग्रहांमधलं अंतर कळतच नाही, आणि अंतर कळलं नाही की तापमानाचा विचारही सुरू होत नाही.

चाललो होतो तिथून परत फिरताना मॅडमनी शुक्राचा आणि पृथ्वीचा चणा उचलून तळहातावर ठेवले. एकाच मुठीतले, एकाच आकाराचे. दोघांत अंतर तीस मीटरचं. ‘‘सांगा बरं, शुक्रावर किती गरम असंन?’’ मुलांनी अंदाज केले. उन्हाळ्यात आपल्याकडे पंचेचाळीस होतं, तर तिथं साठ. सत्तर. एकजण शंभरपर्यंत गेला. वर्गात आल्यावर मॅडमनी फळ्यावर आकडा लिहिला : ४६५ अंश सेल्सिअस. शिसं ३२७ अंशांना वितळतं. सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा-१३ हे यान १९८२च्या मार्चमध्ये शुक्रावर उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. त्यावेळी तो पराक्रमच होता. मग बुध? तो तर सूर्याच्या अधिक जवळ. तिथं दिवसा ४३० अंश आणि रात्री उणे १८०. शुक्रावर रात्र झाली तरी पारा हलत नाही.

वर्ग गप्प झाला. जवळ म्हणजे गरम, लांब म्हणजे थंड, हे चुलीपाशी बसून कळलेलं गणित इथं मोडलं होतं.

मॅडम दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. शिकवण्यातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो. मुलं अडली की शिक्षकाचा जीव कासावीस होतो आणि उत्तर तोंडातून निसटतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘रात्री बाहेर कोण कोण झोपते?’’ एका मुलाचा हात वर झाला. त्याचे वडील मेंढ्या राखतात, कुणाच्या शेतात मेंढ्या बसवल्या की तोही रात्री तिथंच असतो. ‘‘थंडी कोणत्या रात्री जास्त वाजते?’’ तो म्हणाला, ‘‘आभाळ साफ असलं की. आभाळ आलं त थंडी कमी. मेंढरं मंग एवढी दाटून नाही बसत.’’

यानंतर मॅडमना फार बोलावं लागलं नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री ती ऊब वर सोडत असते. ढग आले की त्यातली काही अडवतात आणि परत खाली पाठवतात. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हेच काम ढग नसतानाही करत असतात. हे पांघरूण नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ते आहे म्हणून १५च्या आसपास आहे. शुक्राची हवा जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइडची, आणि दाट एवढी की तिचा दाब आपल्या नव्वदपटीहून जास्त. गोधडी उष्णता तयार करत नाही, आहे ती जाऊ देत नाही. शुक्रावर अशा गोधड्यांचा ढीग आहे. बुधापाशी एकही नाही, म्हणून तो दिवसा भाजतो आणि रात्री गोठतो. आणि चंद्र? तो तर सूर्यापासून आपल्याच अंतरावर आहे. दिवसा १२० अंशांपर्यंत तापतो, रात्री उणे १३० अंशांपर्यंत उतरतो. अंतर तेच, पांघरूण नाही.

खगोलशास्त्रात ‘वसतियोग्य पट्टा’ म्हणतात : ताऱ्यापासूनचं असं अंतर, की जिथं ग्रहावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. वर्तमानपत्रांत या पट्ट्यातला नवा ग्रह सापडल्याची बातमी आली की ‘दुसरी पृथ्वी सापडली’ असा मथळा येतो. आपला चंद्रही याच पट्ट्यात आहे, आणि तिथं गवताचं पातंही नाही. पट्टा म्हणजे शोधायला कुठून सुरुवात करावी याची खूण, एवढंच. त्या मेंढपाळाच्या मुलाला ते पंधरा मिनिटांत कळलं. मथळे लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनाही ते कळायला हवं.

दुपारी मंगळ. त्यासाठी मॅडमकडे औषधाच्या दुकानातून आणलेली वीस मिलीची सिरिंज होती, सुईशिवाय. खिचडी रांधणाऱ्या मावशींकडून पातेलंभर गरम पाणी आणलं. बोट बुडवलं तर चटकन काढावं लागेल इतकं गरम, पण उकळी फुटलेली नाही. सिरिंजमध्ये पाव भाग पाणी ओढलं, वरची हवा दाबून काढली, तोंडावर बोट घट्ट दाबून धरलं आणि दट्ट्या मागे खेचला. पाण्यात भसाभस बुडबुडे उठले. दट्ट्या सोडला, पाणी शांत. पुन्हा खेचला, पुन्हा उकळी.

‘‘काऊन उकळलं थे? इस्तो त नाही लावला!’’

सगळ्या सव्वीस मुलांनी तो दट्ट्या ओढून पाहिला. एक अख्खा तास गेला, पाणी तीनदा बदललं, एकाचा सदरा भिजला. त्या तासात मॅडमनी सांगितलं एवढंच, की पाण्याला द्रव राहायला नुसती ऊब पुरत नाही, वरून हवेचा दाबही लागतो. दट्ट्या ओढल्यावर दाब कमी झाला, पाण्याला वाफ व्हायला वाट मिळाली. मंगळावर हवेचा दाब आपल्या दीडशेव्या भागाहूनही कमी आहे आणि सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. तिथं तांब्याभर पाणी ओतलं तर त्यातलं काही वाफ होऊन उडेल, काही गोठेल, वाहणार नाही. पण एके काळी वाहत होतं. कोरड्या नद्यांची पात्रं दिसतात, नदी तळ्याला मिळते तिथं साचलेला गाळही दिसतो. नासाची ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी २०२१च्या फेब्रुवारीत अशाच एका आटलेल्या तळ्यात, जेझेरो विवरात, उतरली.

मग एका मुलीनं तो प्रश्न विचारला. तो येणार हे मला वाटलंच होतं. ‘‘मॅडम, मंगळ कडक असते म्हणतात. माह्या ताईच्या पत्रिकेत हाय. म्हणून तिचं जमत नाही.’’

तिच्या आवाजात काळजी होती. मॅडमनी तिला पत्रिकेवर व्याख्यान दिलं नाही. म्हणाल्या, ‘‘आज संध्याकाळी ये. तुले दाखवतो मंगळ.’’ त्या आठवड्यात मंगळ नेमका सूर्याच्या समोर आला होता, मावळतीला सूर्य आणि उगवतीला मंगळ. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पंधरा-वीस मुलं आणि काही आया जमल्या. पश्चिमेला शुक्र इतका ठळक, की एका आजींनी विमान समजून तो सरकायची वाट पाहिली. त्याच्या जवळ फिकट शनी. डोक्यावर गुरू. आणि पूर्वेला, तुरीच्या शेतावर, तांबूस मंगळ. मॅडमनी सांगितलं, त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे, नांगराचा फाळ पावसात राहिला की येतो तसाच, म्हणून तो तांबडा. आत्ता तो बऱ्यापैकी जवळ आहे, म्हणजे सुमारे साडेनऊ कोटी किलोमीटरवर. ती मुलगी बराच वेळ बघत उभी होती. जाताना म्हणाली, ‘‘ताईलेबी आणते उद्या.’’ दुसऱ्या दिवशी ती ताईला घेऊन आली. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

तिसऱ्या दिवशी लोणार.

शाळेपासून एसटीनं तासाभराचा रस्ता. बेसॉल्टच्या म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या पठारात १.८ किलोमीटर व्यासाचा, सुमारे दीडशे मीटर खोल खळगा आणि तळाशी तळं. आकाशातून पडलेल्या पाषाणानं बेसॉल्टमध्ये केलेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरं जगात फार थोडी. मंगळाचा पुष्कळसा आणि चंद्राचाही काही पृष्ठभाग बेसॉल्टचाच, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला जगभरातले अभ्यासक इथं येतात. लवणासुराची आणि त्याला मारणाऱ्या विष्णूची कथा काठावर भेटलेल्या एका आजोबांनी मुलांना रंगवून सांगितली. दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहेच. मॅडमनी ती कथा पूर्ण होऊ दिली आणि मग विचारलं, ‘‘हे कधी झालं असंन?’’ जुन्या मोजणीत वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं होतं. नंतर वेगळ्या पद्धतीनं मोजलं तेव्हा पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं. दोन आकडे, दहापटीहून अधिक फरक. मुलांनी दोन्ही वहीत लिहिले. कोणता खरा असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, दुसऱ्याकडे कल जास्त आहे, आणि तो का आहे ते तुम्ही मोठे झाल्यावर शोधा.

खाली उतरायला अर्धा तास लागला. हे अभयारण्य आहे, आणि २०२०पासून रामसर यादीतली पाणथळ जागाही. पाणी, दगड, पान, काहीही न्यायचं नाही, असं वनरक्षकांनी बजावलं. न्यायचं नव्हतंच. मुलांनी आदल्या रात्री घरी हळद कालवून कागदाला लावली होती आणि वाळवून पट्ट्या कापून आणल्या होत्या. तळ्याच्या काठाशी, वनरक्षकांच्या देखत, काडीच्या टोकानं एक थेंब पिवळ्या पट्टीवर टेकवला. थेंब पसरत गेला तसा पिवळा रंग तांबडा होत गेला, वाळलेल्या कुंकवासारखा.

‘‘पापडखारासारखं झालं!’’ एक मुलगी ओरडली. तिच्या घरी उडदाचे पापड करतात. हळदीच्या हाताला खार लागला की हात लाल होतो, हे तिनं पाहिलेलं. लोणारचं पाणी तसंच आहे, खारट आणि सोड्यानं भरलेलं. इथून खार काढून साबण नि काच करायला वापरत, त्याचाही इतिहास आहे. या पाण्यात मासे जगत नाहीत, गुरं तोंड लावत नाहीत, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

‘‘मंग इथं काही जगते की नाही?’’

मॅडमनी पिशवीतून कागदी सूक्ष्मदर्शक काढला. मनू प्रकाश यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बनवलेला हा फोल्डस्कोप. घडी घातलेला कागद, त्यात एक मण्याएवढं भिंग. सुमारे १४० पट मोठं दिसतं. एक थेंब काचपट्टीवर घेऊन मुलं एकेक करून सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या उजेडाकडे पाहू लागली. पहिल्या चार जणांना काही दिसेना. पाचवा तो मेंढपाळाचा मुलगा. त्यानं बराच वेळ डोळा हलवला नाही. मग म्हणाला, ‘‘सुताचा गुंडा उसवला ना, तसं हाय. हिरवं. पेनातल्या स्प्रिंगावानी.’’

मीही पाहिलं. हिरव्या, पीळ पडलेल्या तारा. स्पायरुलिना म्हणून आपण गोळ्यांतून ऐकतो त्याच कुळातले हे सूक्ष्मजीव, खाऱ्या सोड्याच्या पाण्यात मजेत वाढणारे. आपलं रक्त ज्या पाण्यानं बिघडेल तेच त्यांचं घर आहे. आणि हे एकटे नाहीत. २०२०च्या जूनमध्ये, टाळेबंदी चालू असताना, हे तळं एकाएकी गुलाबी झालं होतं. ही मुलं तेव्हा पहिलीतून दुसरीत जात असतील. काहींना आईनं फोनवर दाखवलेला फोटो आठवत होता. वनखात्यानं पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया सापडले. मिठाच्या दाट पाण्यात फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव. पाऊस कमी, पाणी आटलेलं, खार वाढलेला, की त्यांची चंगळ. नमुना ठेवून दिल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी रंगहीन झालं. रंग पाण्याचा नव्हता, जगणाऱ्यांचा होता.

त्या काठावर बसून मुलांनी परवाची यादी पुन्हा काढली. ‘पाणी’ या शब्दापुढे एकीनं कंसात लिहिलं : ‘कोणतंही चालेल, पण पाणी’. मला वाटतं, जीवसृष्टीच्या अटींविषयी सहावीतल्या मुलानं लिहावं असं याहून चांगलं वाक्य पाठ्यपुस्तकात नाही.

मात्र इथं थांबलं तर मुलं एक चुकीची गोष्ट घेऊन घरी जातात. लोणारात जगतं, गोबरगॅसच्या टाकीत जगतं, म्हणजे जगता येईल तिथं जीव असणारच. मॅडमना ही भीती आधीपासून होती. परतताना एसटी गावाबाहेर थांबली तेव्हा त्या मुलांना गल्लीतून पायी घेऊन निघाल्या.

जानेवारीत या गावात बरीच घरं कुलूपबंद असतात. कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्याला बांधकामावर. ‘‘या घरात राहता येईल का?’’ मॅडमनी पहिल्या कुलपापाशी विचारलं. येईल. छप्पर आहे, चूल आहे, नळ आहे. ‘‘कोणी राहते का?’’ नाही. ‘‘कशावरून?’’

कुलूप. पण कुलूप नसलेलं, नुसतं लोटलेलं दार असेल तर? मुलांनी खुणा सांगायला सुरुवात केली, आणि या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दारासमोर सडा असला तर. छपरातून धूर निघाला तर. उंबऱ्याबाहेर चपला. दोरीवर ओले कपडे. एक म्हणाला, मीटर फिरत असला तर. मॅडम एकेक खूण घेऊन अडवत गेल्या. अंगण ओलं आहे, पण पाऊस पडून गेला असेल तर? धूर आहे, पण मागच्या शेतात तुराट्या पेटवल्या असतील तर? दारात कुत्रं बसलंय. मालक गेल्यावरही ते दोन महिने तिथंच बसतं. म्हणजे एका खुणेवर विसंबायचं नाही. ओलं अंगण, त्यावर रांगोळी, वर धूर, आणि हे रोज सकाळी पुन्हा ताजं, असं असलं की मग मात्र कुणी तरी आत आहे.

मी अनेक विज्ञानलेखकांचं वाचलं आहे, पण दुरून जीवसृष्टी कशी ओळखायची हे मला इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. ‘गॅलिलिओ’ हे यान गुरूकडे जाताना १९९०च्या डिसेंबरमध्ये पृथ्वीजवळून गेलं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की आपल्याला पृथ्वीविषयी काहीच माहिती नाही असं समजून यानाची उपकरणं तिच्याकडे वळवायची. १९९३मध्ये त्यांचा निबंध आला. हवेत भरपूर ऑक्सिजन आणि त्याच हवेत मिथेन. हे दोन्ही वायू एकत्र फार काळ टिकत नाहीत, एकमेकांना संपवतात. दोन्ही सापडतात, याचा अर्थ कुणी तरी ते रोज नव्यानं सोडतं आहे. मिथेन कुठून येतो, हे मुलांना विचारावंच लागलं नाही. गोबरगॅसच्या टाक्या त्यांनी पहिल्याच दिवशी उघडल्या होत्या. सकाळचा सडा आणि संध्याकाळचा धूर.

आणि फसगतही शिकवायची. १९७६मध्ये व्हायकिंगची दोन यानं मंगळावर उतरली, तिथली माती खरवडून तिला पोषक द्रव पाजला आणि कुणी तो खातं का ते पाहिलं. एका प्रयोगात वायू निघाला. तरी मातीत सेंद्रिय द्रव्यं सापडेनात, तेव्हा बहुतेकांनी ती मातीची रासायनिक क्रिया मानली. २००८मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे तापवल्यावर सेंद्रिय द्रव्यं नष्ट करू शकणारं रसायन सापडलं आणि जुना हिशेब पुन्हा उघडावा लागला. धूर दिसला होता. तुराट्या की चूल, यावर अजून बोललं जातं.

याच संदर्भात मॅडमनी जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. त्यांच्या विज्ञानकथा या शाळेच्या कपाटात आहेत. प्रयोगाची गोष्ट मुलांना नवी होती. पृथ्वीवर जीव बाहेरून येत असेल का, हे पाहायला २००१ आणि २००५मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगे सोडण्यात आले. नारळीकर प्रयोगाचे प्रमुख, इस्रोचा आधार. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. दुसऱ्या खेपेला तीन अनोळखी जिवाणू मिळाले. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांच्यावरून, एकाला इस्रोवरून आणि एकाला आर्यभटावरून नाव दिलं. तिघांनाही अतिनील किरण त्यांच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसत होते. म्हणजे ते आकाशातून आले? असं सिद्ध झालेलं नाही, असं २००९मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच स्पष्ट सांगितलं गेलं. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू जमिनीतही, झाडांच्या मुळांशी सापडला. नारळीकर आयुष्यभर ज्या कल्पनेच्या बाजूनं बोलले, तिच्या पुराव्याविषयी इतका संयम पाळला गेला, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. २० मे २०२५ला ते गेले तेव्हा मॅडमचा फोन आला होता; त्या फार बोलल्या नाहीत.

त्याआधी एप्रिलमध्येही एकदा त्यांनी फोन केला होता. सिंह राशीतला, १२४ प्रकाशवर्षांवरचा के२-१८बी हा ग्रह. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं जेम्स वेब दुर्बिणीतून त्याच्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची चिन्हं दिसल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती सोडतात. सगळ्या वाहिन्यांवर एकच गजर. शाळेत परीक्षा चालू होत्या. शेवटच्या पेपरानंतर मॅडमनी मुलांना अर्धा तास थांबवलं, बातमी वाचून दाखवली आणि फोन चालू ठेवून मला ऐकवलं. पलीकडून कलकल ऐकू येत होती. ‘‘सडा हाय की पाऊस?’’ ‘‘एकच खूण हाय मॅडम!’’ ‘‘रोज दिसते का थे?’’ त्याच आठवड्यांत जगभरातले खगोलशास्त्रज्ञ हेच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारत होते, की संकेत पुरेसा ठळक आहे का, आणि दुसऱ्या कशानं तसा दिसू शकतो का. ऊसतोडीहून परतलेली मुलंही त्या दिवशी वर्गात होती. त्यांना सडा आणि पाऊस हे काय चाललंय ते बाकीच्यांनी समजावून दिलं. घर बंद असताना बाहेरून काय दिसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आत आल्यावर पहिल्या दिवशी किती धूळ निघते, ते मात्र त्यांनी सांगितलं.

जूनमध्ये मी पुन्हा गेले तेव्हा मॅडमनी फेब्रुवारीत घेतलेल्या चाचणीचे कागद कपाटातून काढले. तीन गुणांचा प्रश्न होता : ‘मंगळावर जीवसृष्टी आहे का? कारणे द्या.’ बहुतेकांनी नाही लिहिलं होतं, दाब आणि तापमान नीट देऊन. दोघांनी आहे लिहिलं होतं. पत्रिकेवाल्या मुलीनं पाणी होतं, आता नाही, असं लिहून खाली आटलेल्या नदीचं चित्र काढलं होतं.

मेंढपाळाच्या मुलाचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. त्यानं लिहिलं होतं : ‘घर आहे. अंगणात सडा दिसला नाही. पण आपण पुढच्याच दारातून पाहिले.’

समोर लाल शाईत तीनपैकी तीन, आणि खाली मॅडमचा प्रश्न : ‘मागचे दार कोणते?’

त्याच्याखाली, कागद परत दिल्यावर केव्हा तरी, पेन्सिलीनं उत्तर आलं होतं : ‘जमिनीखाली.’